पाण्याचा आडोसा

पडद्यावर चिमणीचं डोकं कलत कलत डॉक्टरच्या खांद्यावर टेकलं, आणि डॉक्टरने खांदा हलवला नाही.

ती चहाचा कप हातात धरून बघत राहिली. डॉक्टर तिचा नवरा. चिमणी वैमानिक होती. अंगाने एवढीशी, म्हणून सगळी इमारत तिला चिमणीच म्हणायची. पुढच्या वर्षी ही दोघं मंगळाला वळसा घालून यायला निघणार होती. वाटेत सूर्य भडकला, तर वादळ ओसरेपर्यंत ज्या कप्प्यात त्यांनी दडून बसायचं, तो कप्पा तिने बनवला होता. कपाटाएवढी जागा आणि चारी अंगांनी पाण्याच्या पिशव्या. पिण्याचंच पाणी, पण किरणांची धार त्यात बोथट होते.

कालपासून दोघं सरावासाठी त्या कप्प्याच्या नमुन्यात बसून होती. शेजारच्याच दालनात.

तिने माइकचं बटण दाबलं. "कसं वाटतंय आत?"

चिमणीचं डोकं खांद्यावरून उठलं. दचकून नाही, सावकाश.

"अडचण आहे," डॉक्टर म्हणाला, "पण जमतंय."

"ताई, हे झोपेत बोलतात हो," चिमणी डोळे चोळत हसली. "तुम्ही कशा झोपता?"

"झालीय सवय," ती म्हणाली आणि बटण सोडलं.

तो झोपेत बोलतो हे तिला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याचं घोरणं ऐकलं होतं, कूस बदलणं ऐकलं होतं. बोलणं कधीच नाही.

दार ढकलून मोहिमेचे प्रमुख आत आले. "आकडे पाहिलेस?"

तिने सकाळीच पाहिले होते. तशाच कप्प्यात दोघांच्या मापाचे दोन पुतळे बसवून त्यांच्यावर किरणांचा मारा करून बघितला होता. कमरेच्या हाडापाशी मात्रा थोडी जास्त निघाली होती. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. आणि लहान पुतळ्याचा आकडा मोठ्यापेक्षा वर होता. तो तिने दोनदा वाचला होता, आणि का दोनदा वाचला हे उमगल्यावर तिने पडदाच बंद करून टाकला होता.

"काठावर का होईना, पास झालीस," प्रमुख म्हणाले. "आणखी थर घालायचा तर तो आतूनच घालावा लागणार. बाहेर यानाची चौकट आहे, ती काही तुझ्यामाझ्यासाठी सरकत नाही. आणि आत बघ की, आधीच बरणीत कोंबल्यासारखी बसलीत बिचारी. तू हो म्हण, मी पुढे पाठवतो."

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चिमणी केस बांधत होती. तिचं कोपर वर येण्याआधीच डॉक्टरने हनुवटी उचलली, ते खाली गेल्यावर पुन्हा खाली आणली. बोलत दोघं भलत्याच कशाबद्दल तरी होती. घरी स्वयंपाकघरात तो अजूनही तिला धडकायचा. तिच्या कोपराची वेळ त्याला कधी साधलीच नव्हती.

पुरे आहे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. काठावरच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. कमरेच्या हाडात रक्त तयार होतं, हे तिला जेवताना त्यानेच समजावलं होतं. बिघडलं तर कधीतरी दहा-पंधरा वर्षांनी बिघडतं, तो म्हणाला होता, आणि तेव्हा ते कशाने बिघडलं हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

"काय करू या मग?" प्रमुखांनी विचारलं.

"थर घालू या."

"बरं. सराव संपू दे, मग बघू."

"आत्ताच. ती दोघं आत आहेत तोवरच कळेल, मावतात की नाही ते."

पिशव्यांची गाडी तिने स्वतःच ढकलत नेली. मदतीला येणाऱ्याला हातानेच परत पाठवलं. कप्प्याचा पडदा उघडला तशी आतली उबदार, कोंदट हवा तिच्या तोंडावर आली.

"काय गं?" डॉक्टरने विचारलं.

"अजून एक थर लावायचाय."

"अजून? इथे पाय हलवायला जागा नाही."

"पाय हलवायचे नाहीत."

"मी लावू लागते ना," चिमणी म्हणाली.

"नको. तू बस."

ती गुडघ्यांवर आत शिरली. पिशव्या थंडगार होत्या, जड होत्या, हातात धरल्या की थुलथुलत निसटायला बघायच्या. एकेक उचलून ती डॉक्टरच्या पाठीमागे रचत गेली. वरची ओळ लावताना तिचं नाक त्याच्या मानेपाशी आलं. त्याच्या कॉलरला केसांच्या तेलाचा वास येत होता. घरात तसलं तेल कुणी लावत नव्हतं.

तिचे हात थांबले.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाला.

"काही नाही."

मग ती चिमणीच्या बाजूला वळली आणि तिच्याही पाठीमागे तितक्याच पिशव्या रचल्या. कमरेपाशी एक जास्तच, दोन पिशव्यांमधली शिवण कुठे उघडी राहू नये म्हणून. कुठे फट दिसते का, ते तिने बोटं घालून चाचपलं. चिमणी श्वास रोखून बसली होती.

शेवटची पिशवी काही केल्या बसेना. तिने ती डॉक्टरच्या पाठीशी टेकवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. आतलं पाणी डुचमळत राहिलं.

"सरक," ती म्हणाली. "तिच्याकडे सरक. अजून."