सोळा नंबरची खाट

“आज गुरुवार, म्हणजे महिना झाला, आणि तुला दुसरं काम मिळालं नाही?” रश्मीताईंनी पेन टेबलावर आपटलं.

दिशा खिडकीबाहेर बघत होती. “न्हाय मिळालं, मॅडम.”

“आणि खानावळीतलं काम का सोडलंस? चपात्या लाटण्यात न जमण्यासारखं काय होतं गं?”

दिशानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ही पोरगी ताकास तूर लागू देईल तर शपथ!

रश्मीताई अधीक्षिका होत्या त्या बारामतीतल्या निवासगृहात खाटा सोळा. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या, घरातून हाकललेल्या मुली इथं यायच्या. काम धरायचं, पायावर उभं राहायचं आणि एकविसाव्या वर्षी बाहेर पडायचं. दिशा एकोणीस वर्षांची. शालनमावशींच्या खानावळीत रश्मीताईंनीच तिला हाताला धरून नेलं होतं. आठ महिने छान चाललं, आणि मग एक दिवस दिशा बाईसाहेब म्हणाल्या, काम सोडलं.

रश्मीताईंनी तेव्हा मावशींना फोनही केला होता.

“सोडलं म्हणती तर सोडलंच आसंल, मॅडम. ठेवू का? भाकरी करपाय लागली माजी.”

आणि ही रोज उजाडता बाहेर पडायची ती संध्याकाळीच उगवायची. कुठं होतीस विचारलं की, “हितंच, बाजारात.” उनाडक्या, दुसरं काय! आत्ताही मनगटावर चटक्याचा ताजा डाग होता. रश्मीताईंची नजर गेली तशी तिनं बाही खाली ओढली.

गंमत म्हणजे दोन महिन्यांपूर्वी हीच दिशा म्हणाली होती, “मी जाते आता, मॅडम. माजं मी बघीन.” रश्मीताईंनी तिला नियम दाखवला होता. मुदतीआधी स्वतःहून जायचं तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते.

“मला कोण हाय सही कराय?”

“मग राहा गुमान.”

नियम काय रश्मीताईंनी केले होते? महिनाभर कामाविना बसली तर खाट काढून घ्या, हाही नियमच. त्याला मात्र एकट्या अधीक्षिकेची सही पुरे. असल्या कागदांनी त्यांचं डोकं उठायचं.

फाटकाबाहेर तर रोज कुणी ना कुणी उभी. वरकुट्याची नकोशी नावाची पोरगी तीनदा येऊन गेली. आईबाप नाहीत, चुलत्यानं घराबाहेर काढलेली, इंदापूरच्या एस्टी स्टँडवर दिवस काढणारी. “खाट रिकामी होईल त्या दिवशी दारात जी पहिली, तिची,” याच्यापुढं रश्मीताई तिला काय सांगणार? गेल्या खेपेला ती फाटकाशीच रडत बसली, तेव्हा दिशानं तिला पाणी नेऊन दिलं होतं. लोकांच्या पोरी एका खाटेसाठी रडतात, आणि हिला मिळालेली टिकवता येत नाही! रश्मीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुला रस्त्यावर घालवून मला काय सुख मिळणार आहे? एकदा म्हण, उद्यापासून काम बघते. खाट काढायचा हा कागद फाडून टाकते मी.”

“करा की सही, मॅडम.”

रश्मीताईंनी सही केली.

दिशाची पिशवी आधीच भरलेली होती. चादर धुऊन, घडी घालून सोळा नंबरच्या खाटेवर ठेवली होती. जाताना ती पाया पडायला वाकली, तर रश्मीताईंनी पाय मागं घेतले. “जा बाई,” एवढंच कसंबसं म्हणाल्या, आणि दार लागल्यावर पदरानं डोळे पुसले. आठ महिन्यांची मेहनत मातीत गेली होती.

बरोबर चारला फाटकाची बेल वाजली. दारात नकोशी उभी. काखेत बोचकं, हातात गरम डबा.

“तुला कुणी सांगितलं गं, खाट रिकामी झाली म्हणून?”

“दिशाताईनं.” नकोशीनं डबा पुढं केला. “ही भाजी तिनंच केलीया, तुमच्यासाटनं. शालनमावशींनी तिला खानावळीच्या मागची खोली दिलीया, ऱ्हायाला; काम तर तिनं कवा सोडलंच न्हवतं. मला सोमवारीच म्हणाली, बिस्तरवारी चारला दारात उभी ऱ्हा, मॅडम त्या दिशी सही करत्यात.”