झील

गाडीवरच्या भोंग्यातून अभिमनचा आवाज आला आणि नदीकडे निघालेली मिरवणूक जागच्या जागी उभी राहिली.

सोमवारची सकाळ होती. रात्रभर जागवलेली कानबाई डोक्यावर घेऊन बाया बोरी नदीला निघाल्या होत्या. पाटावर नारळाची देवी, तिला नथ, कपाळाला ठळक कुंकू. सगळ्यांच्या पुढे डीजेची गाडी आणि गाडीवर अभिमनचा माणसाएवढा फोटो, हार घातलेला. अभिमनची बायको सुंदरबाई गाडीच्या मागोमाग चालत होती. वर्षाच्या आतला दुखवटा, म्हणून यंदा तिच्या घरी कानबाई बसली नव्हती. पण अभिमनभाऊंच्या घरचं माणूस नसेल तर मिरवणूक कशी निघेल, असं म्हणत पोरं तिला घरून मानाने घेऊन आली होती.

“माय चालनी नदीले,” अभिमनने ओळ सोडली आणि तो थांबला.

सगळं गाव गप्प झालं. ढोल थांबला. तरुणांनी हात वर करून डोळे मिटले. कडेवरच्या लेकरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. मग भोंग्यातून दुसरी ओळ आली, आणि शिट्ट्यांनी गल्ली दणाणली.

या गप्प राहण्याला आता नाव पडलं होतं. भाऊंची जागा. धुळ्यापासून भुसावळपर्यंत गाणारी नवी पोरं ओळ म्हणून अशीच थांबत आणि टाळ्या घेत. जळगावचे एक प्राध्यापक तर घरी येऊन सुंदरबाईला समजावून गेले होते, की दोन ओळींमधलं मौन हेच अभिमनभाऊंचं खरं गाणं. तिने त्यांना चहा दिला होता आणि ऐकून घेतलं होतं.

कानबाईची वही, म्हणजे देवीचं गाणं, कशी म्हणतात ते तिला माहीत होतं. एकाने ओळ सोडायची, मागे बसलेल्यांनी ती झेलायची, तशीच पुन्हा म्हणायची. त्या झेलण्याला झील म्हणतात. देवीची ओळ खाली पडू द्यायची नाही. पण गावात डीजे आला आणि अभिमनचे झीलकरी एकेक करून उठले. पहिला उठला तो तोताराम. पुढे पुढे अभिमनला कोणी बोलावीनासं झालं. तरी श्रावण आला की तो ओट्यावर बसून वही म्हणायचा. ओळ सोडायचा आणि सवयीने थांबायचा. मग आतून, चुलीपासून, सुंदरबाई झील द्यायची. भाकरी थापता थापता, हळू आवाजात. तिची ओळ पुरी झाल्याशिवाय तो पुढे जात नसे.

गेल्या श्रावणात पुतण्या प्रेमराजने हे मोबाइलवर भरून घेतलं होतं. माघात अभिमन गेला. दहाव्याच्या दिवशी प्रेमराजने काकाची आठवण म्हणून ते सगळीकडे पाठवलं, आणि बघता बघता ते घरोघर वाजू लागलं. पाठवण्याआधी त्याने ते नीट साफ केलं होतं. कुत्र्याचं भुंकणं काढलं, भांड्यांचा आवाज काढला, आणि सुंदरबाईचाही.

तेव्हापासून तिला कुठे सुखाने बसता येईना. एसटीत, पिठाच्या गिरणीत, शेजारणीच्या फोनवर, कुठूनही अभिमन ओळ सोडायचा आणि थांबायचा. पूर्वी थांबायचा तसाच, तेवढाच. हातातलं काम तसंच ठेवून ती झील द्यायची. समोरचं माणूस तिच्याकडे बघत राहायचं.

आज निघण्यापूर्वी तिने प्रेमराजला बाजूला घेतलं होतं.

“मन्हा आवाज कथा शे रे?” आपला आवाज कुठे गेला, ते तिने विचारलं.

जुनं, साफ न केलेलं गाणं त्याच्या फोनमध्ये होतं. एकदा, आज देवीसमोर, ते लाव, एवढंच तिचं मागणं होतं. प्रेमराज वाईट मुलगा नव्हता. तो तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला, पाणी घेऊन आला, आणि मग म्हणाला की काकू, आता त्यात दुसरा आवाज आला तर लोक म्हणतील, भाऊंचं गाणं बिघडवलं.

“तुन्हा काका वाट देखतस,” ती म्हणाली.

प्रेमराज गाडी सुरू करायला गेला.

मिरवणूक नदीच्या उताराला लागली. गाडीच्याही पुढे तोताराम होता. डोक्याला फेटा, छातीवर ‘भाऊंचे साथीदार’ असा बिल्ला. कुठे गप्प व्हायचं ते हात वर करून तो गावाला दाखवत होता. त्याच्याकडे आणि गाडीवरच्या फोटोकडे बघत शेजारची दिपमाला पुटपुटली, “भाऊ जित्ता व्हता तवय चहाले कोनी इचारं नही. आते देखा, गाडीवर बसीसन चालना.” बाया पदराआड हसल्या. सुंदरबाईलाही हसू आलं.

काठाशी गाडी थांबली. बाया कानबाईला घेऊन गुडघाभर पाण्यात उतरल्या. शेवटची वही होती. अभिमनने ओळ सोडली. तोतारामचा हात वर गेला. गाव गप्प झालं, इतकं की बायांच्या पायांशी वाहणारं पाणी ऐकू येऊ लागलं.

सुंदरबाईने झील दिली. आवाज हळूच होता, चुलीपाशी असायचा तेवढाच. पण त्या शांततेत तो पार मागच्या माणसापर्यंत गेला. मिटलेले डोळे उघडले. कोणीतरी कोणाला तरी खुणावलं. तोताराम वाळूतून लगबगीने तिच्याजवळ आला, वाकला आणि त्याने मनापासून हात जोडले.

“वहिनी, मधमा बोलू नका. हाई जागा भाऊसनी शे.”

तिची ओळ अर्धीच राहिली. भोंग्यात अभिमन अजून थांबलेला होता.