ताइस्तोची करवत

आउनेने करवतीची साखळी सैल केली. पट्टीच्या खोबणीत अडकलेला भुसा जुन्या टूथब्रशने काढला. मग तेलाचं फडकं तिने पात्यावरून इतक्या हळुवारपणे फिरवलं, की शेडच्या दारात उभ्या असलेल्या रायमोला ते बघवेना.

"आण, मी करतो," तो म्हणाला.

"तू हात लावू नकोस." तिने मान वर केली नाही.

यंत्राची करवत होती ती, केशरी रंगाची, जड. आउनेचा पहिला नवरा ताइस्तो याने विकत घेतलेली. ताइस्तो मेला, त्यानंतर काही वर्षांनी रायमो या तळ्याकाठच्या घरात राहायला आला. घर विजेवर तापायचं. सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लागणारी लाकडं शेजारचा एस्को फोडून आणून द्यायचा. म्हणजे करवतीला काही काम उरलं नव्हतं. तरी दर महिन्याच्या एका रविवारी आउने ती फळीवरून उतरवायची, ताजं पेट्रोल घालून थोडा वेळ चालवायची, टाकी पुन्हा कोरडी करायची, साखळीला धार लावायची आणि कापड गुंडाळून जागेवर ठेवायची. पेट्रोलचा एक लहान डबा शेजारी कायम भरलेला.

रायमोच्या वाट्याला रविवारी गार कॉफी यायची.

एकदा एस्को लाकडं टाकायला आला आणि शेडमध्ये डोकावला. "अजून चकाकतेय की ताइस्तोची करवत," तो हसत म्हणाला. "रायमो, तुला तरी एवढं कोणी पुसतं का रे?"

रायमोही हसला. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. ताइस्तोचे फोटो आउनेने केव्हाच पेटीत टाकले होते, त्याचे कोट चर्चला देऊन टाकले होते. तेवढी करवत ठेवली होती. माणूस विसरायचा नसला की असंच करतात, रायमोच्या मनात यायचं. भिंतीवर काही दिसू द्यायचं नाही, आणि शेडमध्ये पूजा मांडायची. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. तो म्हातारा होत नाही, घोरत नाही, औषधाच्या गोळ्या विसरत नाही.

ऑक्टोबरात आउने बहिणीकडे कुओपिओला गेली. त्या दुपारी रायमोने करवतीचं झाकण उघडलं, इंजिन पेटवणारा स्पार्क प्लग काढला आणि धक्क्यावर जाऊन तळ्यात भिरकावला. पाण्यात तो बुडाल्याचा आवाजसुद्धा नीट आला नाही. रायमोला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी तो स्वयंपाकघरात कान देऊन बसला. शेडमधून दोरी ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच नाही. आउने आत आली, हात धुतले, बटाटे सोलायला बसली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

एवढंच. दुसऱ्या दिवशी ती बसने गावात गेली आणि मासे, पाव घेऊन आली. रडली असती, भांडली असती तरी रायमोला चाललं असतं. तिचं ते गप्प राहणं त्याला जास्त झोंबलं. ताइस्तोविषयी बोलण्याच्या लायकीचाही आपण नाही, असं त्याने धरून घेतलं.

नोव्हेंबरात वादळ आलं. सकाळी वारा पडला आणि कॉफीचा पहिला घोट घेताना रायमोच्या छातीत कळ आली. डावा हात बधिर झाला. आउनेने त्याला बाकावर निजवलं, गोळी जिभेखाली ठेवली, फोन लावला. रुग्णवाहिका निघाली. थोड्या वेळाने तिकडूनच फोन आला. वळणावर स्प्रूसचं मोठं झाड आडवं पडलंय, गाडी पुढे येत नाही, झाड कापणारी माणसं दुसरीकडे अडकलीत. एस्कोचं घर वळणाच्या पलीकडे, त्याचा फोन बंद.

आउनेने बूट चढवले.

"ती करवत..." रायमोला श्वास पुरेना. "ती चालणार नाही, आउने."

ती दारात थांबली. त्याच्याकडे नीट बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "नवा प्लग बसवलाय."

ती गेली. रायमो छताकडे बघत पडून राहिला. छातीत दुखत होतं त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती. वळणाकडून दोरी ओढल्याचा आवाज इथवर येणं शक्य नव्हतं, तरी तो ऐकायचा प्रयत्न करत होता. मग झाडांमधून ती गुरगुर आली, चढली, लाकडात शिरताना जड झाली, पुन्हा मोकळी झाली. बंद पडली नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याला उठून बसता आलं. आउने खुर्चीत विणत बसली होती. तिच्या हातांना फोड आले होते.

"ताइस्तोने वाचवलं म्हणायचं मला," रायमो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "एवढी जिवापाड जपलीस त्याची करवत."

आउनेने विणकाम मांडीवर ठेवलं.

"त्याची? तो गेला तेव्हा ती गंजून पडली होती. भंगारात द्यायला काढली होती मी."

"मग?"

"मग तू राहायला आलास. पहिल्याच हिवाळ्यात तुझ्या छातीत दुखलं, तेव्हा मी ती दुरुस्त करून घेतली. दोरी ओढायचं काम तुला करू द्यायचं नव्हतं, आणि कारण सांगितलं असतं तर तू रोज त्या दुखण्याचाच विचार करत बसला असतास." तिने सुया पुन्हा हातात घेतल्या. "आपल्या रस्त्यावरची झाडं किती वाकलीत, बघतोस ना. तुझ्यासाठी रुग्णवाहिका यायची तर वाट मोकळी नको?"