पाटीवरची ताई

“घरच्यांची हरकत असेल, तरच जुनं नाव ठेवता येतं,” अधिकारीबाई म्हणाल्या. बालवाडीच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या अख्ख्या गल्लीनं माना वळवून ताईंच्या लेकीकडे पाहिलं.

सगळे निर्धास्त होते. ताई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि दारावरची ‘ताईंची बालवाडी’ ही पाटी उतरवून तिथं ‘अंकुर केंद्र’ लिहायचं बालवाडी आता चालवणाऱ्या सरकारी खात्यानं ठरवलं होतं. शहरभर एकच नाव हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. अधिकारीबाई काही वाईट नव्हत्या, नियम सांगत होत्या. आणि नियमाला उत्तर द्यायला गल्लीकडे घरचं माणूस होतं. ताईंची एकुलती एक लेक, तीही वकील. “आता बघ, कसं पाणी पाजते ती,” इस्त्रीवाले काका शेजाऱ्याच्या कानाशी लागले.

लेक उभी राहिली.

“माझी काही हरकत नाही,” ती म्हणाली. “बदला नाव.”

गल्ली एकमेकांकडे बघू लागली. अधिकारीबाईसुद्धा जरा गोंधळल्या. मग चहा येऊ द्या म्हणाल्या. तेवढ्यात लेक मागच्या दारानं अंगणात निघून गेली.

तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. घसरगुंडीच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली. जन्मात कधी तिनं आईला ‘आई’ म्हटलं नव्हतं. सगळी पोरं ताई म्हणायची, म्हणून तीही ताई म्हणायची. बालवाडी राहत्या घरातच भरायची, आणि ताईची मांडी कधी रिकामी नसायची. कुणाची आई कामाच्या पाळीवरून उशिरा यायची, कुणाची आजारी असायची. लेकीची बाहुली आधी घरभर फिरली, मग गल्लीभर, आणि शेवटी परत आली ती एका पायानं. एकदा ती तापानं फणफणली होती, तेव्हाही ताई तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून दुसऱ्याच कुणाला तरी घरी पोचवायला गेली होती. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणजे घरच्यानं उपाशी राहायचं, हे ती लहानपणीच शिकली. आता पाटी उतरली, तर निदान मेल्यावर तरी ताई तिच्या एकटीची होणार होती.

मागून चपलांचा आवाज आला. इस्त्रीवाल्या काकू. ताईंच्या जुन्या मैत्रिणींपैकी त्या एकट्याच उरल्या होत्या.

“रागवायला आला असाल तर रागवा, काकू,” लेक म्हणाली. “पण या घरात सगळ्या जगाला जागा होती. मला तेवढी नव्हती.”

काकू रागावल्या नाहीत. घसरगुंडीच्या खालच्या टोकावर हळूच बसल्या आणि गुडघे चोळत राहिल्या.

“एक गोष्ट सांगू का? ताईनं आम्हा बायकांना शपथ घातली होती, हिला कळता कामा नये म्हणून. पण ती शपथ पाळून आज तिचंच नाव जाणार असेल, तर लागू दे मला पाप.”

“काय कळता कामा नये?”

“चार वर्षांची होईपर्यंत तू बोलत नव्हतीस गं. एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, हिला बरोबरीची पोरं द्या. ताई तुला घेऊन शाळेत गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, आधी बोलायला शिकवा, मग आणा. त्या दिवशी ताई रडत नाही आली, तरातरा चालत आली. आणि दारोदार फिरली. कामाला जाताना तुमची पोरं माझ्याकडे ठेवा, म्हणाली. आम्हाला वाटलं, उपकार करतेय. तर तीच हात जोडत होती, ‘माझ्या मुलीशी बोलायला कुणी नाही, एवढी भीक घाला.’”

लेक कठडा सोडून काकूंसमोर खाली बसली.

“पुढे किती दिवस तू नुसतीच बघायचीस. मग एकदा माझी धाकटी ताईच्या मांडीवर जाऊन बसली. तू आलीस, तिला ढकलून दिलंस आणि ओरडलीस, ‘माझी!’ तो तुझा पहिला शब्द.” काकू हसल्या, तसे त्यांचे डोळे भरून आले. “ताई तशीच अनवाणी गल्लीभर धावत सुटली, माझी बोलली, माझी बोलली म्हणत. आणि बाई, तेव्हापासून तू जी सुटलीस, ती कोर्टालासुद्धा आवरत नाहीस.”

“मग मी बोलायला लागल्यावर बालवाडी बंद का नाही केली?” लेकीचा आवाज चिरकला.

“मीही विचारलं होतं. म्हणाली, आपलं काम झालं म्हणून आता लोकांची पोरं रस्त्यावर कशी सोडू? आणि तुला सांगायचं नाही म्हणाली. मुकी होते, हे माझ्या मुलीच्या मनात कधी यायला नको.”

आतून कपबशा गोळा केल्याचा आवाज आला. लेकीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली. गल्ली खाली माना घालून बसली होती. अधिकारीबाई पेनाला टोपण लावत होत्या.

“बाई, थांबा,” ती म्हणाली. “हरकत आहे.”

“असेल तर पाटी राहील, माझं काही म्हणणं नाही,” अधिकारीबाई म्हणाल्या. “पण लेक म्हणून तुम्हीच आत्ता हरकत नाही म्हणालात. आता ही हरकत कुणाची म्हणून लिहू?”

लेकीनं तोंड उघडलं. शब्द फुटायला वेळ लागला.

“लिहा,” ती म्हणाली, “या बालवाडीतल्या पहिल्या मुलीची.”