जीपचं नवं वायरिंग

झटक्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि काकू दोन पावलं मागे सरकल्या.

झटका म्हणजे गाड्यांचा वायरमन. खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक असेल. काकूंच्या मुलानं त्याला परस्पर घरी धाडलं होतं. 'बाबांच्या जीपचं वायरिंग पार नवं करून टाक, माझ्याकडून वाढदिवसाची भेट.' जीप काकांपेक्षा थोडीच लहान. वायरींवरचं कापड काळं पडलं होतं, हात लावला की भुगा व्हायचा. तरी इतकी वर्षं ती बिचारी चालत होती. आठवड्यापूर्वी मात्र एकदम बंद पडली.

कशानं पडली, ते काकूंना माहीत होतं. काका झोपलेले असताना शिवणाची कात्री घेऊन त्यांनीच चावीमागची एक वायर कच्चकन कापली होती.

करणार काय? त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं बाजारातून परत येत होते. पुढे एक सायकलवाला. चांगला धडधाकट माणूस, अंगात लालभडक शर्ट. आणि काका सरळ त्याच्या अंगावर चाललेले! काकू किंचाळल्या, ब्रेक लागला, सायकलवाल्यानं दोघांचाही उद्धार केला. "दिसला होता गं मला," काका म्हणाले. पण घर येईपर्यंत त्यांनी दुसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही. रात्री काकूंनी डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला, तर काका ताटावरून उठले. मुलाला सांगावं, तर नवऱ्याची चहाडी केल्यासारखं. आणि आता तर उद्या नात येणार होती. आजोबा तिला जीपमधून घाट उतरून धरणावर नेणार होते. घाट म्हटलं की काकूंना तो लाल शर्टच दिसायचा.

"काकू, जरा टॉर्च धरता?"

काकूंनी धरला. उजेड शेडच्या पत्र्यावर नाचायला लागला.

"काकू, वायर खाली आहे हो, वर नाही!"

काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि झटक्याला धड काम करू देत नव्हते. आधी हॉर्नचं बघ म्हणाले. मग, "अरे, घाई कसली? चहा घे." मग, "आजच्या आज झालं पाहिजे असं काही नाही हं. उरलेलं पुढच्या आठवड्यात कर." काकूंना वाटलं, या मेल्या जीपला जपतात तेवढं डोळ्यांना जपले असते तर!

"काका, अजून एक पक्कड लागेल, या बाजूनं धरायला. आहे का?"

"घरात पक्कड नाही," काका म्हणाले.

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्यावर कायम लटकणारी गंजकी पक्कड खरंच जागेवर नव्हती. पण पकडीचा विचार करायला त्यांचं डोकं ठिकाणावर होतं कुठे!

झटक्यानं जुन्या वायरींचा सगळा जुडगा ओढून बाहेर काढला आणि फरशीवर पसरला. एकेक वायर बोटांतून सोडत गेला. मध्येच थांबला.

"काका, हे उंदराचं काम नाही. ही कुणीतरी मुद्दाम कापलीय."

काकूंनी टॉर्च खाली ठेवला. आता सांगून टाकलेलं बरं. काका काय म्हणतील? या वयात नवऱ्यानं बोलणं टाकलं, तर त्या एवढ्याशा घरात दिवस काढायचे कसे?

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "ते मी..."

"आणि एक नाही, दोन!" झटक्याचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. "ही चावीमागची. साफ कापलीय, कात्रीनं कापावी तशी. आणि ही सेल्फ-स्टार्टरची. ही तर नुसती चावून चावून तोडलीय. दोन वेगळी माणसं दिसतात. तुमच्या वाईटावर कोण आहे हो, काका?"

काकू वाकून त्या दोन वायरींकडे बघायला लागल्या. त्यांनी एकच कापली होती. देवाशपथ, एकच! मग दुसरी कुणी? शेडमध्ये कोण येऊन गेलं? त्यानं ब्रेकला हात लावला असेल तर?

"कोण असणार? टवाळ पोरं," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

दुपार उलटायच्या आत नवं वायरिंग बसलं. झटक्यानं चावी फिरवली आणि जीप तत्काळ सुरू झाली. दिवे लागले. हॉर्न असा वाजला की शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं.

"ब्रेक बघितलास का रे?" काकूंनी विचारलं.

"ब्रेक ठणठणीत आहेत, काकू. उद्या खुशाल न्या नातीला घाटात." त्यानं चावी काकांच्या हातात ठेवली. काकांनी ती न बघताच खिशात टाकली.

झटका गेला आणि घरातला फोन वाजला. नातच होती.

"आजी, जीप झाली? आजोबांना सांग, पुढे मी बसणार. समोरची काच खाली पाडून!"

"हो गं बाई," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांना रडूच कोसळलं. बास झालं. आता गप्प बसायचं नाही. रागावू देत, बोलणं टाकू देत, पोर तरी हातीपायी धड राहील. पदरानं तोंड पुसून त्या तरातरा शेडकडे निघाल्या.

काका डॅशबोर्डखाली वाकलेले होते. हातात ती गंजकी पक्कड. एका नव्या कोऱ्या वायरीवर नुसते ओरखडे उठले होते. काकूंची चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तुझी ती कात्री आण बघू. ही वायर पकडीला दाद देत नाहीये."