टिकले नाहीत त्यांचा नंबर

संख्याशास्त्राच्या पीएचडीसाठी दोन विद्यापीठांतल्या दोन मार्गदर्शक सरांनी होकार कळवला होता. कुठे जावं हे ठरवायला दोन्हीकडच्या नऊ विद्यार्थ्यांशी बोलून शाल्मली मेटाकुटीला आली. जो तो आपल्या सरांचे गोडवे गात होता. गाणारच! ती टिकलेल्यांनाच तर विचारत होती.

शेवटी तिने दोन्ही सरांनाच फोन लावला. "सर, तुमच्याकडची पीएचडी अर्धवट सोडलेल्या कुणाचा नंबर मिळेल?"

"माझ्याकडचं कुणी सोडून जात नाही," पहिले सर गुरकावले.

दुसऱ्या सरांनी न अडखळता, तोंडपाठ असल्यासारखा एक नंबर सांगितला. "याच्याशी बोल. माझ्यावर राग आहे त्याचा. तो खरं तेच सांगेल."

शाल्मलीने नंबर लिहून घेतला. त्यावर फोन न करताच तिने या सरांकडे प्रवेश पक्का केला.