पाणंदीकडचा दगड

मल्लव्वा गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा नवरा शिवगोंडा गडहिंग्लजच्या बाजारात होता. लिंगायत रीतीप्रमाणे तिला शेतात, येण्याजाण्याच्या पाणंदीच्या कडेला पुरलं. महिन्यानं पाथरवट समाधीचा दगड घेऊन आला. "ह्यावर काय कोरू, आण्णा?" कोल्हापुरात इतिहास शिकवणाऱ्या लेकीनं मोबाईलवर जुन्या रोमन थडग्याचा फोटो दाखवला. "आप्पा, लॅटिनमध्ये लिहिलंय. मेलेली बाई वाटसरूला म्हणतेय, थांब, माझं वाच." "निसतं वाचायला थांबवती व्हय? तुझ्या आईनं ताक पाजल्याबिगर कुणाला सोडलं न्हाय. " तो पाथरवटाकडे वळला. "कोर गड्या, 'पावणं, थांबा, ताक पिऊन जावा.'" पाथरवटानं छिन्नी टेकवली. शिवगोंडानं त्याचा हात धरला. "थांब गड्या. उद्या खरंच कुणी थांबलं, तर तिचा शब्द खोटा पडंल. आधी मला ताक करायला येऊ दे." पाथरवट परत गेला. दगड कोराच आहे. घरात अजून विरजण लागलेलं नाही.